पत्रांतला घरगुती मजकूर गाळू नका : मंडळ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
स्कॉटिश मिशनमधून उभ्या राहिलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक, स्मरणिकांचे संपादक आणि मंडळ्यांची दप्तरे सांभाळणारे पंच यांस,

सप्रेम नमस्कार.

माझे माहेर स्कॉटिश मिशनने सुरू केलेल्या एका मराठी मंडळीतले. काही वर्षांपूर्वी त्या मंडळीची स्मरणिका निघाली, तेव्हा संपादकांनी माझ्या आजोबांची जुनी पत्रे मागून नेली आणि आदराने छापली. मात्र छापताना त्यांतला ‘घरगुती मजकूर’ गाळला. उत्तर भारतातील मंडळ्यांच्या एकीत आपण सामील व्हावे की नाही, हे ठरवण्यासाठी १९७०च्या आधी जी सभा झाली, तिच्या हजेरीत आजोबांचे नाव नाही. त्यावरून ते एकीच्या विरोधात होते, असे स्मरणिकेत लिहिले गेले. आजोबांनी आपल्या भावाला पाठवलेल्या मूळ पत्रात सभेची ऐकीव हकिकत सुरू होण्याआधी दोनच ओळी आहेत : धाकटीला गोवर निघाला आहे आणि तिच्या उशाशी बसून दोन रात्री काढल्या आहेत. सभेला न जाण्याचे कारण तेवढेच होते. त्या ओळी खाजगी म्हणून वगळल्या गेल्या आणि एका माणसाचे मत कायमचे उलटे नोंदले गेले.

हे दुःख मनात होतेच, पण आपल्याला पत्र लिहावे असे वाटले ते इथे, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात आल्यानंतर. या प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर पिक्टू नावाचा परगणा आहे. तिथल्या स्कॉटिश वसाहतकऱ्यांची एकोणिसाव्या शतकातील पत्रे, बाप्तिस्म्याच्या वह्या आणि थडग्यांवरचे लेख मी गेली काही वर्षे सवड मिळेल तसे वाचते आहे. या वाचनातून माझी जी खात्री झाली ती स्पष्टच सांगते : मंडळीतली फूट आणि घरची खुशाली हे दोन वेगळे विषय नाहीत. लिहिणाऱ्यांच्या आयुष्यात ते एकाच धाग्याने विणलेले होते. आपण ते उसवून वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो, आणि मग दोन्हींचा अर्थ लागत नाही.

पिक्टूची हकिकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण माझे म्हणणे तिच्यावरच उभे आहे. १५ सप्टेंबर १७७३ रोजी ‘हेक्टर’ नावाचे जहाज स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील सुमारे दोनशे माणसांना घेऊन या बंदरात लागले. वाटेत देवी आणि हगवणीने अठरा मुले दगावली होती. तयार शेतजमीन मिळेल असे सांगून आणलेल्या या लोकांसमोर होते ते पाण्यापर्यंत आलेले घनदाट अरण्य. त्यांच्याबरोबर पाळक नव्हता. लग्ने झाली, मुले जन्मली, माणसे पुरली गेली, आणि तेरा वर्षे हे सारे पाळकाविना चालले. अखेर १७८४ साली त्यांनी मायदेशी अर्ज धाडला, की आमची डोंगराळ मुलखातली गेलिक भाषा बोलणारा एक पाळक पाठवा. १७८६ साली आले ते जेम्स मॅकग्रेगर. भाषा त्यांना हवी तीच होती, पंथ मात्र दुसरा निघाला. बहुतेक वसाहतकरी स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमध्ये वाढलेले होते आणि मॅकग्रेगर होते त्या चर्चमधून बाहेर पडलेल्यांपैकी, आणि त्यांतही ‘अँटी-बर्गर’ शाखेचे.

हे ‘बर्गर’ आणि ‘अँटी-बर्गर’ प्रकरण आज कोणाला क्षुल्लक वाटेल. एडिंबरो, ग्लासगो, पर्थ अशा शहरांत नागरिकत्वाचा हक्क घेताना एक शपथ घ्यावी लागे, आणि ती घेणे धर्माला धरून आहे की नाही यावर १७४७ साली तिथल्या फुटीर मंडळ्या पुन्हा दुभंगल्या : शपथ चालेल म्हणणारे ते ‘बर्गर’, चालणार नाही म्हणणारे ते ‘अँटी-बर्गर’. नोव्हा स्कोशियात असे शहर नव्हते, अशी शपथही नव्हती. तरीही मॅकग्रेगर इथे आल्यावर शेजारच्या ट्रुरो गावच्या बर्गर पाळकांच्या प्रेसबिटरीत, म्हणजे पाळक आणि वडीलजनांच्या कारभारी सभेत, सामील झाले नाहीत. नव्या देशात माणसे कुऱ्हाड आणि बियाणे आणतात तसे जुने वादही आणतात, आणि नव्या मातीत त्यांना नवी कारणे फुटतात. ट्रुरोचे पाळक डॅनियल कॉक यांच्या घरी एक काळी मुलगी गुलाम म्हणून होती. मॅकग्रेगर यांनी १७८८ साली हॅलिफॅक्सहून एक पत्र छापून प्रसिद्ध केले आणि तिला मुक्त करा असे त्यांना उघड आवाहन केले. तेही खुले पत्रच होते. त्यांनी स्वतःच्या तुटपुंज्या वेतनातून पैसे भरून गुलामांची सुटका केली होती, म्हणून त्या शब्दांना वजन होते. मंडळ्यांमधले सारेच वाद निरर्थक असतात असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते. एका मुलीचे कोणाच्या तरी घरात गुलाम म्हणून राबणे हे त्या वादाच्या केंद्रस्थानी होते, आणि ही बाब जितकी मंडळीची तितकीच घरातली होती.

१८१७ साली इथल्या बर्गर आणि अँटी-बर्गर मंडळ्या एक झाल्या. मायदेशातल्या त्याच दोन शाखा एक व्हायला १८२० उजाडले. पण नेमक्या त्याच सुमारास डोंगराळ भागातून नव्या लोकांची रीघ लागली आणि त्यांच्यासाठी राजमान्य चर्चचे पाळकही येऊ लागले. ‘कर्क’वाले म्हणजे राजमान्य चर्चचे आणि ‘सिसीडर’ म्हणजे वेगळे झालेले, असे परगण्याचे दोन तट पडले. सिसीडर पाळक थॉमस मॅककलक यांनी १८१६ साली पिक्टू अकॅडमी सुरू केली होती. प्रांतातील सरकारमान्य कॉलेजची पदवी इंग्लंडच्या चर्चचे नियम मान्य करणाऱ्यांनाच मिळे, म्हणून इतरांच्या मुलांसाठी ही सोय होती. तिच्या अनुदानावरून तंटा पेटला आणि त्यात कर्कचे पाळक मॅककलक यांच्या विरोधात उभे राहिले. भांडण धर्माचे होते, शाळेचे होते, राजकारणाचेही होते. १८३०च्या निवडणुकीत तर पिक्टू गावात दंगल होऊन एका माणसाचा जीव गेला. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, कोणाच्या दुकानातून मीठ घ्यायचे, मुलगी कोणत्या घरी द्यायची, हे प्रश्न घरोघर याच तटांवरून सुटू किंवा अडू लागले.

अशा काळात लिहिलेली पत्रे हातात घेतली की प्रथम त्यांचा कागद बोलतो. पाकीट वापरले तर त्याचेही जादा टपाल पडे, म्हणून कागदाचीच घडी घालून वर लाखेची मोहोर लावत आणि घडीच्या बाहेरच्या बाजूस पत्ता लिहीत. एक कागद भरला की तोच आडवा फिरवून आधीच्या ओळींवर काटकोनात पुन्हा लिहीत, कारण दुसरा कागद म्हणजे दुप्पट टपालखर्च, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. वाचताना डोळे शिणतात. एक ओळ धरून ठेवावी तर दुसरी तिच्यातून डोके वर काढते. मोहोर फोडताना कागदाचा तुकडा निघून आलेला असतो आणि नेमके तिथले नाव गेलेले असते. अनेक घरांत बोलणे गेलिक आणि पत्र मात्र इंग्रजी असे, कारण बायबल गेलिकमधून वाचता येत असले तरी लिहायला शाळेने शिकवलेली भाषा इंग्रजी होती. काही पत्रे तर सरळ शाळामास्तरांच्या हातची आहेत.

मजकुराची चाल आपल्याला ओळखीची वाटेल. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील कुशल कळवावे’ ही आपल्याकडची सुरुवात, तशीच त्यांची : देवाच्या कृपेने आम्ही सर्व बरे आहोत, तुम्हीही असाल अशी आशा आहे. मग मृत्यू, मग जन्म, मग बटाट्याचे पीक, गुरे, भाव. आणि त्यांच्यामध्ये कुठेही, परिच्छेद न सोडता, पाळक कोण आहेत, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) यंदा झाले की नाही, कोण कोणत्या मंडळीत जाऊ लागले. आजच्या संपादकाला ही सरमिसळ वाटते. लिहिणाऱ्याला ती सरमिसळ नव्हती, कारण जन्मलेल्या मुलाचा बाप्तिस्मा कोण करणार हाच पाळकांच्या भांडणाचा घरापुरता अर्थ होता.

हे सर्वांत कठोरपणे दिसते ते १८४३ नंतर. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत राजमान्य चर्चच्या महासभेतून अनेक पाळक उठून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. एकंदर सुमारे बाराशे पाळकांपैकी साडेचारशेहून अधिक जणांनी आपले वेतन आणि राहते घर सोडले. मुख्य कारण असे, की गावाचा पाळक नेमण्याचा हक्क तिथल्या जमीनदार आश्रयदात्याकडे असे आणि मंडळीला नको असलेला पाळकही तिच्यावर लादला जाई. पिक्टूत जमीनदारही नव्हते आणि तो हक्कही नव्हता. तरी १८४० पासून लिव्हरपूल ते हॅलिफॅक्स आगबोटीची टपाल सुरू झालेली असल्याने बातमी काही आठवड्यांत येऊन थडकली, आणि पुढच्याच वर्षी इथल्याही मंडळ्या फुटल्या.

त्याहून मोठा घाव वेगळाच होता. फ्री चर्चमध्ये पाळक निघून गेल्यामुळे स्कॉटलंडमधल्या शेकडो जागा रिकाम्या झाल्या होत्या. तिकडून बोलावणी आली आणि पिक्टू परगण्यातील कर्कचे पाळक एकामागून एक मायदेशी परतले. मागे राहिले ते एकटे अलेक्झांडर मॅकगिलिव्हरी. पुढे जवळजवळ दहा वर्षे साऱ्या परगण्यातील कर्कच्या लोकांना हा एकच पाळक होता. दाराशी मंडळीचे देऊळ आहे आणि त्याला कुलूप आहे, पलीकडे फ्री चर्चचे किंवा सिसीडरांचे देऊळ उघडे आहे, आणि घरात पाळण्यात मूल आहे. काय करायचे? कोणी थांबले. कोणी शेजारच्या पाळकाकडे मूल नेले आणि सासरच्यांचा राग ओढवून घेतला. ही निवड कोणत्याही ठरावात सापडत नाही. ती सापडते पत्रातल्या त्या दोन ओळींत, ज्या आपण घरगुती म्हणून खोडतो.

याचा परिणाम दप्तरांवरही झाला. नोव्हा स्कोशियात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १८६४ साली सुरू झाली. जन्म आणि मृत्यूची नोंद १८७७ नंतर बंद पडली, ती थेट १९०८ पर्यंत. म्हणजे त्याआधीच्या आणि मधल्या माणसांचा लेखी पुरावा बहुतेक मंडळीच्या वह्यांतच आहे, आणि पाळक गेला की वही थांबते. एकाच आईबापांची पहिली चार मुले एका मंडळीच्या वहीत, पाचवे कुठेच नाही, सहावे-सातवे दुसऱ्याच पंथाच्या वहीत, असे दिसले की वंशावळ शोधणारे लोक पाचवे मूल नव्हतेच असे धरून पुढे जातात. मंडळीतल्या फुटीच्या तारखा माहीत असलेला माणूस तिथे थांबतो आणि पत्रे शोधतो. उलट, मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्याने ही वही पाहिली तर त्याला कळते की फूट नेमकी कोणत्या महिन्यात कोणत्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली. सभेच्या कार्यवृत्तातून ते कळणे शक्य नाही.

एका वृद्ध बाईंनी आपल्या घरातील डबा उघडून मला एक वस्तू दाखवली होती. अंगठ्याच्या नखाएवढा, कोपरे झिजलेला शिशाचा चौकोनी तुकडा. एका बाजूला मंडळीच्या आणि पाळकाच्या नावाची आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूचे साल बोटाने चाचपूनच लागत होते. हा प्रभुभोजनाचा टोकन. त्या काळी प्रभुभोजनाचा सोहळा गुरुवार ते सोमवार चाले, दूरदूरच्या खेड्यांतून माणसे येत, नातेवाइकांकडे उतरत, आणि गर्दी देवळात मावत नसे म्हणून उपासना उघड्यावर होत. ज्यांचे वागणे मंडळीच्या वडीलजनांना समाधानकारक वाटे त्यांनाच हा टोकन मिळे, आणि मेजाशी बसताना तो परत द्यावा लागे. मग हा तुकडा त्या घरी राहिला कसा? वडीलजनांच्या हातून तो घेतला, पण मेजापर्यंत कोणी गेले नाही, एवढेच सांगता येते. कदाचित त्या रविवारी घरात कोणी आजारी होते, कदाचित मन मोडले होते. त्या बाईंनाही ठाऊक नव्हते, कारण त्यांच्या पणजीची पत्रे एका नातलगाने ‘त्यात फक्त घरच्या गोष्टी आहेत’ म्हणून जाळली होती. त्या दिवशी मला आजोबांच्या पत्राची फार आठवण झाली.

घरची खबर इतिहासाच्या मागे फरफटत जाते असेही नाही. कधी ती त्याला ओढून नेते. नॉर्मन मॅकलाउड हे तापट आणि प्रभावी धर्मोपदेशक १८१७ साली पिक्टूत उतरले, इथल्या कोणत्याच पाळकाशी त्यांचे जमले नाही, आणि १८२०च्या सुमारास ते आपल्या अनुयायांसह केप ब्रेटन बेटावरील सेंट ॲन्स येथे गेले. १८४०च्या दशकाच्या शेवटी तिथे बटाट्यावर रोग पडून उपासमार आली असताना त्यांच्या मुलाचे, डोनाल्डचे, ऑस्ट्रेलियातून पत्र आले. बऱ्याच काळानंतर आलेले ते खुशालीचेच पत्र. त्यात त्याने तिकडच्या हवेची आणि जमिनीची वाखाणणी केली होती. त्या पत्रावरून सारी मंडळीच हलली. १८५१ साली सत्तरी ओलांडलेले मॅकलाउड ‘मार्गारेट’ जहाजाने निघाले; पुढील काही वर्षांत एकूण सहा जहाजांतून आठशेच्या वर माणसे गेली आणि ऑस्ट्रेलियातून पुढे न्यूझीलंडमधील वायपू येथे स्थिरावली. वायपूच्या इतिहासाचे पहिले पान एका मुलाने बापाला लिहिलेले पत्र आहे. ते ‘कौटुंबिक’ म्हणून बाजूला ठेवले असते, तर आठशे माणसे अर्ध्या जगापलीकडे का गेली याचे उत्तर नुसत्या धर्ममतांत शोधत बसावे लागले असते.

पुढे फुटीचे सांधे जुळत गेले. १८६० साली पिक्टूतच सिसीडरांची मंडळी आणि फ्री चर्च एक झाले, १८७५ साली माँट्रिअल येथे देशभरच्या चार प्रेस्बिटेरियन, म्हणजे याच स्कॉटिश परंपरेच्या, शाखा एकवटल्या. प्रत्येक वेळी कोणीतरी बाहेर राहिले. १९२५ साली मेथडिस्ट आणि इतरांसह युनायटेड चर्च झाले, तेव्हाही प्रेस्बिटेरियनांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक त्यात गेले नाहीत. आजही या परगण्यातील गावांतून समोरासमोर दोन देवळे दिसतात.

आता आपल्याकडचे. १८४३च्या त्याच फुटीत भारतातील स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चकडे गेले. मुंबईत जॉन विल्सन यांना मोठ्या कष्टाने उभारलेल्या शाळेची नवी इमारत सोडून द्यावी लागली. पुढे नागपूरचे मिशन फ्री चर्चनेच काढले. हे आपल्या पुस्तकांत असते. त्याच वर्षी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला, त्यांचे धाकटे भाऊ श्रीपत यांच्या ताब्यावरून वडिलांना न्यायालयात जावे लागले, आणि मुलाला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. हेही आपल्या पुस्तकांत असते, पण वेगळ्या पुस्तकांत. एकात चर्चची फूट, दुसऱ्यात घराची. वर्ष तेच, शहर तेच, मिशन तेच. या दोन हकिकती एकाच पानावर ठेवून, राहते छप्पर सोडणाऱ्या मिशनऱ्यांच्या वाड्यात त्या महिन्यांत त्या दोन भावांचे काय चालले होते, असे विचारणारे लिखाण मराठीत व्हावे, अशी माझी फार इच्छा आहे.

म्हणून आपणास विनंती आहे. जुनी पत्रे छापाल तेव्हा ती आहेत तशी छापा. जागेअभावी काही वगळणे भागच पडले, तर कुठे किती ओळी वगळल्या ते तिथेच सांगा आणि मूळ पत्र कोणाकडे आहे याची नोंद ठेवा. जे मंडळी सोडून गेले त्यांच्याकडची कागदपत्रेही मागा. पिक्टूत मला उत्तरे बहुतेक वेळा विरुद्ध पक्षाच्या वहीत मिळाली. बायकांची पत्रे आवर्जून मिळवा. सभेला पुरुष जात आणि सभेत काय ठरले ते लिहीत. ठरावानंतर शेजारणीने दूध घ्यायला येणे बंद केले, हे बायका लिहीत. बाप्तिस्म्याच्या वहीतील समासातल्या बारीक टिपा झेरॉक्समध्ये कापल्या जातात, तिकडेही लक्ष असू द्या. ज्या कुटुंबांना खाजगी गोष्टी उघड होण्याचा संकोच वाटतो त्यांच्याशी बोलून मुदत ठरवा, पण कागद जाळू देऊ नका.

आजोबांच्या त्या पत्राची दोन्ही पाने माझ्याकडे सुरक्षित आहेत. स्मरणिकेची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा त्यांचे स्वच्छ छायाचित्र मी पाठवीन. त्या वेळी पाने कमी पडली तर सभेची हकिकत थोडी आटोपती घ्यावी. ती इतर पाच-सहा पत्रांतही आहे. गोवराच्या दोन ओळी मात्र फक्त याच पत्रात आहेत.

आपली नम्र,
नोव्हा स्कोशियात राहणारी, आपल्याच एका मंडळीची लेक